ऑक्टोबरचं भोक

क्रुकस्टन, मिनेसोटा. फेब्रुवारी. सकाळचे सात, उणे सत्तावीस.
डोरीन हॉगलंडचा ट्रक शेजाऱ्यानं साखळीनं ओढून आणलाय,
पुढच्या जाळीतून ब्लॉक हीटरची वायर लोंबतेय
दमलेल्या जनावराच्या जिभेसारखी.
"चावी फिरवली की नुसतं टक् करतो," ती म्हणते,
"आणि घड्याळसुद्धा विझतं."

मी बॉनेट उघडते.
या डिझेलला दोन बॅटऱ्या, एकीचं काम नव्हे ते.
एवढ्या थंडीत तेलाची काकवी होते,
इंजिन हलवायचं तर अंगात रग हवी.
मीटर लावला : बारा. नुसते बारा.
यावर विश्वास ठेवायचा नसतो.
जोडलेल्या आहेत तोवर दोघी एकच उत्तर देतात,
कोण उपाशी आहे ते कोणीच सांगत नाही.

म्हणून आधी सोडवायच्या. काळी तार, मग लाल.
सांगलीच्या आयटीआयत वाघमोडे सर ओरडायचे,
"काळी आधी, नायतर पान्याची फुलबाजी हुईल!"
पोरींनी हे सोडून शिवण घ्यावं, असंही तेच म्हणायचे.

दोघींना तासभर तशाच ठेवल्या.
टर्मिनलवरची निळसर बुरशी सोड्याच्या पाण्यानं धुतली,
ती फसफसली, डोरीननं थर्मासातली कॉफी मला अर्धी दिली.
मग डावी : बारा चार. उजवी : अकरा सहा.
चार्ज करून, दुपारी, एकेकीवर भार टाकला, पंधरा सेकंद.
डावी दहावर आली आणि तिथं पाय रोवून उभी राहिली.
उजवी आठ, सात, सहा...
मी बटण सोडलं.
"मेली?"
"कधीचीच. आणि रोज रात्री शेजारणीचं रक्त पीत होती."
बोलून गेले. इंग्रजीत ते भलतंच ऐकू आलं असणार.

अल्टरनेटरवर लोक उगाच खापर फोडतात,
चारशे डॉलर घालतात, आठवड्यानं पुन्हा टक्.
माझ्याकडच्या दोन लावून सुरू केला : चौदा तीन.
तो बिचारा इमानानं भरत होता,
घागरच फुटकी.
आणि मायनसची तार. वरून धडधाकट,
पण स्टार्टर फिरताना तिच्यातच पाऊण व्होल्ट गडप.
साल चिरलं तर आत तांब्याची हिरवी भुकटी.

"बदलायच्या तर जोडीनं बदलायच्या," मी म्हटलं,
"नवी एकटी लावली की जुनी तिलाही घेऊन बसते."
"मला सांगतेस? व्हर्लन हे अख्ख्या गावाला सांगायचा.
चर्चच्या बसखाली झोपून सांगायचा. चाळीस वर्षं."

मी डावीचं स्टिकर चिंधीनं पुसलं.
बारा महिन्यांचे बारा चौकोन,
भोक ऑक्टोबरवर. गेल्या वर्षीचं.
उजवीचं, सहा वर्षांपूर्वीचं.

ती वाकली. हातमोजा काढला.
बोटाच्या टोकानं ते भोक चाचपलं.
"बीट काढायचे दिवस होते," ती म्हणाली.
"त्यानंच लावली. मी टॉर्च धरला होता.
एकच."

कॉम्प्रेसर धडधडून सुरू झाला, बंद झाला.
"डॉक्टर म्हणाले, कधीपासून?
मी नाताळ सांगितला.
नाताळात तो नातवाचं नाव विसरला ना, म्हणून."

मला काही सुचलं नाही. पाना पुसत राहिले,
तो पुसलेलाच होता.

दोन नव्या, एक तार, मजुरी दोन तासांची.
जुनी परत दिली की अठरा डॉलर सुटतात.
उजवीचे तिनं घेतले.
डावी मात्र मागे, पोत्यात गुंडाळून ठेवायला लावली.
"अजून चांगली आहे ना?"
"आहे तशी," मी म्हटलं. "एकटीनं एखादा पंप चालवेल."

पहिल्याच फेऱ्याला सुरू झाला. धूर पांढरा, मग नाही.
मी काचेतून मीटर दाखवला : चौदा तीन!
ती तिकडं बघत नव्हती.
स्टिअरिंगवर बोटं टेकून मोजत होती,
नाताळ, नोव्हेंबर,
पुन्हा पहिल्यापासून.